दोन्ही टोकांना

बसस्टँडसमोरचा रस्ता ओलांडताना पाइपांनी भरलेला एक टेम्पो हॉर्न वाजवत आला, आणि बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मान वळवता येत नाही म्हणून ते हल्ली अख्खे वळतात, तसे वळून पाहिलं, आणि जागचे हलले नाहीत. रिताने त्यांची बाही धरून मागे ओढलं. मनगटाचं बटण तुटून डांबरावर पडलं, टेम्पोवाल्याने शिवी दिली, मागच्या पाइपांचा खणखणाट झाला आणि सगळं संपलं. भंडाऱ्याच्या दुपारच्या रस्त्यावर अशा गोष्टी कुणाच्या ध्यानातही राहत नाहीत. पण बाबांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती तिच्या ध्यानात राहिली. तिच्यात भीती नव्हती. कुणाशी महत्त्वाचं बोलणं चालू असताना मध्येच कुणी दार उघडून आत यावं, आणि बोलणाऱ्याने त्याच्याकडे पाहावं, तशी ती नजर होती. मग अर्ध्या जबड्यातून, ज्यातून येणाऱ्या आवाजाला आता फक्त तीच भाषा म्हणू शकत होती, ते म्हणाले, "चाल."

नागपूरच्या डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं की गाठ मानेत परत आली आहे आणि आता कापण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यांनी ते रिताला बाजूला घेऊन सांगितलं, पण पडदा पातळ होता, आणि बाबांचे कान शाबूत होते. येताना बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. नाकातली नळी गालावर चिकटवलेली, वर पांढरा रुमाल. कंडक्टरने तिकिटाचं विचारलं ते रितालाच. ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा गेल्यापासून लोक बाबांशी बोलायचं ते तिच्याकडे पाहून बोलत. जन्मभर बाजारात दोरांच्या दुकानात बसलेला, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालण्यातच ज्याचा दिवस जायचा तो माणूस, भैय्याजी दोरवाले. त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोर विचारायचं, "जेवतात का?" नळीने जेवतात, ती सांगायची. डाळीचं पाणी, मिक्सरमधून काढलेली खिचडी, दूध. त्या मोठ्या सिरिंजमध्ये ती रोज अन्न भरायची, ती हळूहळू दाबताना बाबा छताकडे पाहत राहायचे, आणि तिला वाटायचं की आपण घरातल्या माणसाला जेवू घालत नसून कसल्याशा यंत्रात तेल सोडतो आहोत. असं वाटल्याची तिला लाज वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच वाटायचं.

घरी आल्यावर आईने, शकुनबाईने, काय झालं ते विचारलं नाही. तिने चेहरे पाहिले आणि ती देवापाशी जाऊन उगाचच वात नीट करू लागली. संध्याकाळी बाबांनी खुणेने कॅलेंडर मागवलं, रविवारवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "एकोडीले जातो. गळ टाकाले." आईचा चेहरा एकदम उजळला. दिवाळीपासून त्यांनी कशातच मन घातलं नव्हतं. "जा नं," ती म्हणाली, "इश्वरले फोन करते. केळं धुऊन ठेवीन तो." केळं म्हणजे बाबांची कयाक. पिवळ्याधमक प्लास्टिकची, दोन माणसांची ती लांबोडकी होडी बाबांनी हौसेने नागपूरहून आणली आणि आईच्या तलावाकाठच्या माहेरी, इश्वरमामाच्या गोठ्यात ठेवली, तेव्हा एकोडीच्या लोकांनी पहिल्याच दिवशी तिचं ते नाव पाडलं. आई खूश झालेली पाहून रिताला तिचा राग आला. तिला तो टेम्पो दिसत होता. "मीबी येते," ती म्हणाली. बाबा अख्खे वळले. "तू काहून?" "तुम्हाले लंगर उचलत नाही, बाबा." ते खरंच होतं. त्यांनी ते मान्य केल्यासारखी पापणी खाली घेतली, पण त्याआधी क्षणभर त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिला पुन्हा वाटलं की आपण दार उघडून नको तिथे आत आलो आहोत.

रविवारपर्यंतच्या रात्री तिने स्वतःशी वाद घालण्यात काढल्या. नळीमुळे चालताना त्यांचा तोल जातो, औषधांनी डोकं जड होतं, माणूस गोंधळतो, उभा राहतो. उभा राहतो म्हणजे मरायला उभा राहतो असं थोडंच आहे. आपल्याच मनात काही वाईट असलं पाहिजे, नाही तर असं सुचलं नसतं. मग तिला शंका यायची की ते वाईट म्हणजे हेच, की टेम्पो आला तेव्हा आपण बाही धरण्याआधी क्षणभर थांबलो होतो का? थांबलो नव्हतो. तिला पक्कं माहीत होतं. तरी रात्री ती तो क्षण पुन्हा पुन्हा ताणून बघायची, आणि प्रत्येक वेळी तो थोडा अधिक ताणला जायचा.

एकोडीत इश्वरमामाने कयाक तलावाच्या काठी आणूनच ठेवली होती. मार्चचं ऊन नुकतं तापायला लागलं होतं. तलावाच्या मातीच्या पाळीखाली, शेताच्या बांध्यांमध्ये, उन्हाळी धानाचा हिरवा तुकडा, बाकी सगळी वाळलेली धसकटं, आणि कुठूनतरी मोहाच्या पहिल्या फुलांचा गोडसर, नासल्यासारखा वास. बाबांनी तो नाकाने ओढायचा प्रयत्न केला आणि नळीमुळे त्यांना खोकला आला. मामा त्यांच्याकडे न पाहता दोर गोळा करत राहिला. "भाऊजी, वारा सुटते आजकाल दोपारी," तो रिताला म्हणाला, म्हणजे बाबांना म्हणाला. "लवकर या बाप्पा." रिताने त्याच्याकडे धानाचं एक रिकामं पोतं मागितलं, त्यात काठावरचे दगड भरले आणि तोंड सुतळीने आवळलं. "हे कायले? लंगर हाये नं लोखंडाचा," मामा म्हणाला. "असू द्या, मामा. दुसरा असला म्हंजे बरं." बाबा तोवर पुढच्या जागेवर बसले होते, पाठमोरे, गळाची काठी मांडीवर. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पण दगडांचा आवाज त्यांनी ऐकला असणार.

होडी एका जागी कशी ठेवायची हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. गोंदियाच्या सासरहून ती एक बॅग घेऊन परत आली त्या वर्षी. घरात आई रडत होती, भाऊ अमर पुण्याहून फोनवर समजुतीच्या गोष्टी सांगत होता, आणि बाबांनी तिला एक शब्द विचारला नव्हता. पहाटे उठवून त्यांनी तिला याच तलावावर आणलं होतं, तेव्हा मामाच्या जुन्या लाकडी डोंग्यात. पाण्याच्या मधोमध नेऊन त्यांनी लंगर तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "सोड." तो तळाला टेकल्याचं हाताला कळलं. "आता अजून सोड. आखूड दोर ठेवला तं नाक खाली ओढते. पाणी दोन पुरुस, दोन माणसाइतकं खोल, असलं तं दोर सहा पुरुस सोडाचा, मंग ते आपल्याच मनानं वाऱ्याकडे तोंड करून उभं राह्यते." बांधायचा तो नेहमी टोकाला, बाजूला कधीच नाही. आणि वारा असला तर एकाच टोकाला. "दोन्हीकून बांधलं तं त्याले वळता येत नाही. मंग लाट येते ते आडवी येते." तेव्हा त्यांचा आवाज भरदार होता, तोंडात तंबाखूचा खर्रा असायचा, आणि बोलताना ते गाल एका बाजूला फुगवायचे. त्याच बाजूला. दिवसभर ती त्या डोंग्यात बसून रडली होती आणि त्यांनी पाठ फिरवून मासे धरले होते. पुढे कित्येक वर्षं तिला वाटे की आपल्यावर कुणी इतकी माया कधीच केली नाही.

पाण्याच्या मधोमध आल्यावर तिने पुढचा लंगर बाबांच्या खांद्यावरून सोडला आणि कडीतून दोर ओढून बांधला. मग मागे वळून पोतं सोडलं. ते गपकन गेलं. तिने दोर ओढून घट्ट केला, आखूडच ठेवला, आणि मागच्या कडीला दोन फेरे देऊन गाठ मारली. उरलेला दोर तिच्या पायाशी वेटोळं होऊन पडला. कयाक जागच्या जागी खिळली. "मागून कायले?" बाबा म्हणाले. "हलू नाही म्हणून." मग त्यांचे खांदे हलले, आणि तिला कळलं की ते हसत आहेत. दोर बांधायचं सगळं तिला येत होतं, आणि आपण काय बांधतो आहोत हेही तिला कळत होतं. पण ती गाठ सोडायला तिचा हात होईना. जणू दोन्ही टोकं बांधलेली असली की मधल्या माणसाला कुठे जाता येणार नाही.

तरंगायचं जाकीट दोघांनी काठावरच घातलं होतं, बाबांनी आपलं आता काढून पायाशी ठेवलं. "बाबा, घाला." "गळ्याले लागते." तिने मानेवरची पट्टी पाहिली, खरंच जाकिटाची कड तिथेच घासत होती. खरंच घासत होती, म्हणूनच तिला काही म्हणता येईना. त्यांनी गळाला पिठाची गोळी लावली, फेकली, आणि दोघं बसून राहिली. पाणकावळे बुडत होते आणि भलतीकडेच वर येत होते. तिची नजर बाबांच्या पाठीवर होती. बनियनच्या आत मणके मोजता येतील असे झाले होते. ते जरा पुढे झुकले की तिचे हात आपोआप कडांवर आवळायचे. ते परत टेकले की सुटायचे. एक रोहू लागला. त्यांनी तो कौशल्याने दमवत जवळ आणला, गळ काढला, हातात धरून क्षणभर पाहिलं आणि पाण्यात सोडून दिला. आई तव्यावर रोहूची तुकडी तळायची तेव्हा ते चुलीपाशीच पाट घेऊन बसायचे, ताटात पडण्याआधी उचलायचे. आता मिक्सरमधून मासा कुणी देत नाही. "बाबा," ती म्हणाली. तिला विचारायचं होतं. त्या दिवशी रस्त्यात तुम्ही काहून उभे राहिले. वाक्य तयार होतं. "ऊन लागून राह्यलं का?" तिने विचारलं. त्यांनी हाताने नाही म्हटलं.

वारा मामाने सांगितल्यासारखा दुपारी आला, पण एकदम आला. पाळीवरची वाळलेली पानं आधी उठली, मग पाण्यावरून करड्या सुरकुत्यांचा एक पट्टा त्यांच्याकडे धावत आला. कयाकने नाक वळवायचा प्रयत्न केला, आणि मागच्या पोत्याने तिला धरून ठेवलं. पहिली लाट बाजूला आपटून रिताच्या मांडीवर आली. दुसरीने बैठकीत पाणी भरलं. "मागचा सोड!" बाबा ओरडले. तो नुसता घोगरा आवाज होता, पण तिला समजला. ती वळली. दोर तारेसारखा ताणला होता, गाठ पाण्याने फुगली होती. तिने नखांनी उकरलं, दात लावले, आणि गाठ अचानक सुटली. कयाक मोकळ्या टोकाने झर्रकन फिरली. पायाशी पडलेलं वेटोळं सरसर धावत गेलं, आणि त्यातला एक फेरा तिच्या घोट्याला आवळून कुणीतरी हाताने ओढावं तसा तिला बाजूला ओढून घेऊन गेला. पिवळी कड वर उठली. आकाश फिरलं. मग नाकातोंडात गाळाची चव.

जाकिटाने तिला वर आणलं, पण पुरतं नाही. खाली पोतं, वर जाकीट, आणि मध्ये ती. तोंड पाण्याच्या पातळीला येत होतं आणि प्रत्येक लाट त्यावरून जात होती. तिला पोहता येत होतं, त्याचा काही उपयोग नव्हता. वाकून घोट्यापर्यंत हात न्यावा तर जाकीट वाकू देत नव्हतं. उलटी पडलेली कयाक पुढच्या लंगरावर आता वाऱ्याकडे तोंड करून शहाण्यासारखी उभी होती, आणि तिच्या कडेला एक हात टाकून बाबा तिच्याकडे पाहत होते. त्यांना पोहून निघून जाता आलं असतं, किंवा नुसता हात सोडता आला असता. तिला हे त्या वेळी सुचलं, इतकं स्पष्ट की पुढे तिला त्याचं नवल वाटलं. मग त्यांनी बैठकीपाशी दोरीत खोचलेली माशांची सुरी उपसली, दातात धरता येत नाही म्हणून मुठीत धरली, आणि ते खाली गेले. नाकात नळी असलेला, जाकीट नसलेला, चार पायऱ्या चढून दम लागणारा माणूस. तिला तिच्या पोटरीवर त्यांचा हात कळला. तो पोटरी चाचपत खाली सरकला, घोटा धरला. लहानपणी चप्पल घालून देताना ते असाच घोटा धरायचे. सुरी एकदा तिच्या कातडीला लागली. मग एकदम ती हलकी झाली आणि उसळून वर आली.

ते वर आले ते कयाकपासून हातभर दूर. नळी निघून गालावर लोंबत होती. त्यांनी कयाककडे हात केला नाही. ते पाय मारत नव्हते, बुडायचा प्रयत्नही करत नव्हते; पाणी त्यांना धरील तितका वेळ ते होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती वाचली आहे याची खात्री केली असावी. मग तलावाचं पाणी त्यांच्या डोळ्यांवर आलं, आणि तिने एक हात कयाकच्या कडीत अडकवून दुसऱ्याने त्यांचे केस धरले आणि ओढलं. त्यांनी काहीतरी म्हटलं. शब्द पाण्यात गेले. तिने त्यांचा दंड पुढच्या लंगराच्या दोरात घातला, वरून स्वतःचं अंग दाबलं, आणि मामा मच्छीमार सोसायटीची होडी घेऊन बोंबलत येईपर्यंत तशीच राहिली. मामाने आधी तिच्याकडे हात केला. "बाबाले," ती ओरडली, "बाबाले आधी घ्या!"

आईला आणि अमरला सगळ्यांनी सांगितलं की भैय्याजींनी लेकीला वाचवलं. ते खरं होतं, आणि गावात, बाजारात, भेटायला येणाऱ्यांत ते पसरत गेलं. लोक आता बाबांकडे पाहून बोलू लागले. शेजारच्या कुंताबाईने त्यांच्या पाया पडून घेतलं. नळी पुन्हा घातली. एप्रिल गेला. मानेवरची गाठ फुटली आणि घराला एक वास आला, जो उदबत्तीने आणखी वाईट व्हायचा. दुखण्याची भारी गोळी भंडाऱ्यात मिळायची नाही, नागपूरहून आणावी लागायची, आणि ती उतरायची तेव्हा बाबा पलंगाची पाटी धरून असा एक आवाज काढायचे की आई उठून अंगणात जायची. रिता जायची नाही. ती मानेची पट्टी बदलायची, चिमट्याने कडा पुसायची, आणि प्रत्येक वेळी मनात म्हणायची: हा दिवस मी यांना दिला. हा दिवसही. कालचाही. कूलर घरघरत राहायचा आणि वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी खाली ठिबकायचं.

मे महिन्यातल्या एका दुपारी गोळी नुकतीच चढली होती. आई बाहेर खाटेवर डोळा लागून पडली होती. बाबांनी बोटाने रिताला जवळ बोलावलं. आता तिलाही कान ओठांशी न्यावा लागायचा. "त्या दिवशी," ते म्हणाले, आणि थांबले, लाळ गिळता येत नव्हती ती तिने टिपली. "त्या दिवशी पाण्यातून मले काहून ओढलं?"

हा प्रश्न तिने मनात आधीच ऐकून ठेवला होता. इतक्या रात्रींमध्ये ऐकला होता की उत्तरंही जमा झाली होती: आईसाठी, माझ्यासाठी, पाप लागलं असतं, तुम्ही मला सोडवलंत मग मी तुम्हाला कशी सोडणार. बाबांचे डोळे तिच्यावर होते, त्यांत राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांच्यापुढे ती सगळी उत्तरं दुकानातल्या शोभेच्या मालासारखी वाटली. "मी नाही ओढलं, बाबा," ती म्हणाली. "हातच गेला."

त्यांनी डोळे मिटले. तिला वाटलं त्यांना झोप लागली. मग त्यांचे ओठ हलले आणि तिने पुन्हा कान नेला.

"मी तं जावालेच आलो होतो," ते म्हणाले. "तुया पायाले दोर दिसला. माहाबी हातच गेला."

तिने त्यांचा हात हातात घेतला. तो तिने नंतरही बराच वेळ धरला होता, पण त्यांनी तो दाबला नाही, आणि काढूनही घेतला नाही. त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. बोलण्यासारखं तोंडही उरलं नाही. रोहिणी नक्षत्र लागलं त्या आठवड्यात, सकाळी, आई केर काढत असताना ते गेले. अमर पुण्याहून आला, मामा आला, ओटीवर माणसं जमली. "सुटले," कुंताबाई आईला पोटाशी धरून म्हणत होती, "सुटले बिचारे," आणि येणारा प्रत्येक माणूस चपला काढता काढता तेच म्हणत होता. रिता स्वयंपाकघरात गेली. दहा वाजले होते, नळीने जेवू घालायची वेळ. तिने मिक्सरचं भांडं विसळलं, सिरिंज काढली, सवयीने कोमट पाणी भरून काठोकाठ ओढली, आणि मग मोरीवर उभी राहून हळूहळू, त्यांना ठसका लागू नये इतक्या बेताने, ती सगळी रिकामी केली.